घरची कणगी आणि गावची सावड : स्वयंपूर्ण शेतघरासाठी वर्षभराचे नियोजन

शहरातील नोकरी सोडून दोन-अडीच एकरांवर राहायला आलेली कुटुंबे पहिल्या वर्षी बहुधा एकच चूक करतात. भात, नाचणी, भुईमूग, भाजीपाला, म्हैस, कोंबड्या असे सगळे एकदम हाती घेतले जाते. आषाढात तरवा, म्हणजे लावणीची रोपे, पिवळा पडू लागला की शेजाऱ्याकडे मदत मागायला जाणे होते आणि शेजारी स्वतःच्याच चिखलात उभा असल्यामुळे येत नाही. मग गावात पूर्वीसारखा एकोपा उरला नाही, असा निष्कर्ष काढला जातो. एकोप्याचा तेथे फारसा संबंध नसतो. कोणाची मदत, कोणत्या दिवशी आणि कशाच्या बदल्यात हवी हे वैशाखात ठरायला हवे होते, ते ठरलेले नसते. एकमेकांच्या शेतात राबून दिवसाला दिवस फेडण्याच्या अशा ठरवलेल्या रीतीला सावड म्हणतात.

पुढील टप्पे सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेकडील, म्हणजे पाटण-जावळीकडच्या भात-नाचणीच्या पट्ट्यातील, दोन कर्ती माणसे असलेल्या चौघांच्या कुटुंबाला धरून लिहिले आहेत. उत्पन्नाचे आणि मजुरीचे आकडे नियोजनासाठी धरलेले आहेत. ते आपापल्या जमिनीप्रमाणे बदलून घ्यावेत, परंतु टप्प्यांचा क्रम बदलू नये.

टप्पा १ : घराची गरज वजनात मोजणे (माघ-फाल्गुन)

जमीन किती आहे यावरून काय पिकवायचे ते ठरवू नका. घरात काय आणि किती खाल्ले जाते यावरून ठरवा. त्यासाठी एक महिना रोजचे धान्य शिजवण्यापूर्वी तराजूवर तोलावे. मुठीच्या आणि वाटीच्या अंदाजावर केलेला हिशेब वर्षअखेरीस हमखास चुकतो.

उदाहरणादाखल तांदूळ घेऊ. चौघांच्या घरात भाकरीबरोबर रोज ६०० ग्रॅम तांदूळ लागत असेल, तर वर्षाला सुमारे २२० किलो तांदूळ लागतो. गिरणीत १०० किलो भाताचा साधारण ६५ किलो तांदूळ निघतो, म्हणून खायला सुमारे ३४० किलो भात हवे. त्यात बियाण्यासाठी आणि पाहुणे, सण व सावडीची जेवणे यांसाठी मिळून ४० किलो धरले की ३८० किलो होते. गुंठ्याला २५ किलो उतारा धरल्यास १५ गुंठे पुरतील असे वाटते आणि बहुतेक लोक येथेच थांबतात. परंतु ज्या वर्षी पाऊस ऐन फुलोऱ्यात झोडपतो, त्या वर्षी उतारा दोन-तृतीयांशावर येतो. त्या हिशेबाने २३ गुंठे लागतात. चांगल्या वर्षी या २३ गुंठ्यांतून जे जास्तीचे येईल, तेच अदलाबदलीचे भांडवल असते. वाईट वर्षाचा हिशेब धरून पेरावे आणि चांगल्या वर्षाचे वाटावे, हा नियम एकदा लावून घेतला की पुढचे बरेच निर्णय सोपे होतात.

तेलाचाही असाच हिशेब करा. महिन्याला अडीच किलो तेल म्हणजे वर्षाला ३० किलो. घाण्यावर शेंगदाण्याचे सुमारे ४० टक्के तेल निघते असे धरल्यास ७५ किलो दाणे लागतात आणि शेंगा फोडल्यावर ७० टक्के दाणे मिळतात असे धरल्यास जवळजवळ १०७ किलो वाळलेल्या शेंगा लागतात. डाळी, मसाले, गूळ, जनावरांची वैरण यांचीही अशीच नोंद हवी. वैरण लोक विसरतात आणि चैत्रात पेंढ्यासाठी दारोदार फिरतात.

तपासणी : या टप्प्याच्या शेवटी वहीत प्रत्येक वस्तूपुढे वार्षिक वजन लिहिलेले असले पाहिजे. जेथे "थोडेसे" किंवा "लागेल तसे" असे शब्द असतील, तेथे तोलणे राहिले आहे असे समजावे.

टप्पा २ : हातांचे पंचांग करणे

स्वयंपूर्णतेचा बेत फसतो तो बहुधा जमीन कमी पडल्यामुळे नव्हे. वर्षातल्या ठराविक तीन-चार आठवड्यांत माणसे कमी पडतात. म्हणून पिकांच्या यादीशेजारी कामाच्या दिवसांची दुसरी यादी हवी.

एका मोठ्या कागदावर वर्षाचे ५२ आठवडे आखून प्रत्येक कामाला किती माणूस-दिवस लागतील ते त्या-त्या आठवड्यात लिहा. एक माणूस पूर्ण दिवस राबला की एक माणूस-दिवस. तरवा साधारण २१ ते २५ दिवसांचा झाला की लावणीला योग्य असतो. महिना उलटल्यावर लावलेल्या रोपाला फुटवे कमी येतात. लावणीला हवा तसा चिखलही त्याच दिवसांत मिळतो. म्हणजे पावसाचे आर्द्रा नक्षत्र सरता-सरता आणि पुनर्वसूत लावणीसाठी आपल्याला जेमतेम आठ दिवस मिळतात असे धरा. भात आणि नाचणी मिळून तरवा काढणे, चिखलणी आणि लावणी यांना २० माणूस-दिवस लागणार असतील, तर दोन माणसांचे आठ दिवस म्हणजे १६ होतात. त्यातून म्हशीची धार, शेणकूर, चारा आणि स्वयंपाक यांचा वेळ वजा केला की हाती १२ उरतात. तूट आठ माणूस-दिवसांची. कापणी-झोडणीच्या आठवड्यांतही अशीच तूट निघते, पण तेथे दोन-चार दिवस मागे-पुढे करता येतात. लावणीत ते जमत नाही.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण सावडीबद्दलचा सर्वांत मोठा गैरसमज हाच आहे. आठ माणसे एक दिवस आपल्या खाचरात आली, तर आपण त्यांचे आठ दिवस देणे लागतो आणि ते दिवस त्याच पंधरवड्यात फेडावे लागतात. सावड हातांची संख्या वाढवत नाही. विखुरलेले हात ती एका दिवशी एका बांधावर आणते. त्याचा फायदा खरा आहे, कारण चिखल बसण्यापूर्वी लावणी पुरी होते आणि पीक एकसारखे येते. परंतु एकूण तूट आहे तेवढीच राहते. ती भरून काढण्याचे मार्ग तीनच आहेत : कामाच्या तारखा एकमेकांपासून दूर नेणे, ज्याची सुगी वेगळ्या महिन्यात येते अशा घराशी दिवसांची अदलाबदल करणे किंवा पेरा कमी करणे.

सावधान : मुलांच्या सुट्ट्या, मुंबईहून येणारे भाऊबंद आणि "जमले तर येतो" म्हणणारे मित्र यांचे दिवस या कागदावर धरू नका. ते आले तर आनंदच आहे.

टप्पा ३ : पिकवायचे, बदलायचे आणि विकत घ्यायचे

आता दोन्ही याद्या शेजारी ठेवून प्रत्येक वस्तूवर खूण करा. रोज लागते, घरी साठवता येते आणि तिचे काम तुटीच्या आठवड्यांत येत नाही किंवा आले तरी झेपते, अशी वस्तू घरी पिकवावी. वर्षातून एक-दोनदाच लागणारी, शेजारी चांगली पिकवणारा माणूस असलेली आणि थोडा उशीर झाला तरी अडत नाही अशी वस्तू अदलाबदलीला ठेवावी. मीठ, चहा, औषधे, वीजबिल आणि शाळेची फी यांना रोख पैसेच लागतात. त्यांची वर्षाची बेरीज करून तेवढी रोकड देणारे एक तरी पीक किंवा काम आधीच निश्चित करावे. रोकडीचा विचार न करता केलेला स्वयंपूर्णतेचा बेत पहिल्या दुखण्याबरोबर कोसळतो.

भुईमूग, तूरडाळ आणि गूळ घरीच झाले पाहिजेत हा हट्ट मला पटत नाही. भुईमुगाची खुरपणी बरोबर लावणीच्या तोंडाशी येते. घरच्या जात्यावर डाळ भरडण्यात दिवस जातात आणि चुरा बराच होतो. याच जिल्ह्यात पूर्वेला माण-खटावकडे ज्वारी होते आणि पश्चिमेला भात होते. ज्वारीवाल्याशी तांदळाची अदलाबदल करणे हे कोरडवाहू माळावर भात आणि पाणथळ खाचरात ज्वारी पिकवण्यापेक्षा शहाणपणाचे आहे. मात्र गाडीभाडे मोजावे. दोन पोत्यांसाठी केलेली खेप तोट्याची ठरते. चार घरांनी मिळून केली तर परवडते.

घरच्या यादीत भाजी, अंडी, दूध आणि मुख्य धान्य एवढे राहिले तरी पुष्कळ झाले.

टप्पा ४ : आपल्याकडे देण्यासारखे काय आहे ते शोधणे

उरलेले देणे म्हणजे अदलाबदल नव्हे. भाद्रपदात प्रत्येकाच्या परसात दोडकी आणि काकड्या लटकत असतात. तेव्हा त्यांना कोणी विचारत नाही. देण्याची वस्तू समोरच्याला हवी असलेल्या वेळी हाती असली पाहिजे. वैशाखात वाळवलेली भाजी, पावसाळ्याच्या तोंडाशी कोरडे जळण, मार्गशीर्षात कुजलेले शेणखत आणि उन्हाळ्यात हिरवा चारा यांना नेहमी मागणी असते.

शहरातून आलेल्यांकडे आणखी एक चलन असते, ते त्यांच्या लक्षात येत नाही. ई-पीक पाहणीची नोंद मोबाईलवर कशी करायची, पीक विम्याचा अर्ज कसा भरायचा, बँकेच्या कागदावर काय लिहिले आहे, हे सांगणारा माणूस प्रत्येक वाडीला हवा असतो. या कामाचा मोबदला मागू नका. पण ते नियमित करा. पुढे सावडीच्या बैठकीत तुम्हाला जागा मिळते ती बहुधा यामुळे.

तपासणी : देण्याच्या यादीत किमान तीन गोष्टी असाव्यात आणि त्यांतील एक तरी पावसावर अवलंबून नसावी.

टप्पा ५ : सावड ठरवणे (वैशाख, रोहिणी लागण्यापूर्वी)

सावडीला कोल्हापूर-सांगलीकडे पैरा म्हणतात आणि जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात भातखाचरे बांधण्या-दुरुस्तीच्या सामूहिक कामाला पडकई म्हणतात. नाव कोणतेही असो, पुढील गोष्टी या क्रमाने ठरवाव्यात.

१. घरे निवडणे. चार ते सहा घरे पुरेत. त्याहून जास्त झाली की फेड लांबते आणि शेवटच्या घराचा तरवा जून होतो. सर्वांची खाचरे एकाच उंचीवर असतील तर सगळ्यांना एकाच दिवशी माणसे हवी असतात. म्हणून डोंगरउतारावरची आणि ओढ्याकाठची अशी मिसळ असलेला गट बरा. एखादे घर भाजीपाल्याचे किंवा उसाचे असेल तर उत्तमच, कारण त्याची फेड हिवाळ्यात करता येते आणि टप्पा २ मधील तूट खऱ्या अर्थाने भरून निघते.

२. तरवा टाकण्याच्या तारखा. बैठकीत प्रथम हेच ठरवावे. प्रत्येक घराने दोन-दोन दिवसांच्या अंतराने तरवा टाकला, तर लावणीही त्याच अंतराने येते. वाफ्यावर बी पडल्यानंतर केलेल्या वाटाघाटींना काही अर्थ नसतो. हळवे (लवकर तयार होणारे) आणि गरवे (उशिरा तयार होणारे) वाण वाटून घेतल्यास कापणीही आपोआप पुढे-मागे होते.

३. पाळीचा क्रम. ज्या खाचरातले पाणी लवकर निचरते, ते आधी लावावे. सखल आणि झऱ्याची खाचरे थांबू शकतात. या क्रमात बसत असेल तर नवख्याने आपली पाळी शेवटची मागावी आणि त्याप्रमाणे तरवाही शेवटी टाकावा. पहिल्या दिवशी लावणी उरकून घेऊन नंतर पाठदुखीचे कारण सांगणारा माणूस प्रत्येक गावाने पाहिलेला असतो. आपण त्यातले नाही हे राबूनच सिद्ध होते.

४. दिवसाचे माप. कामाला किती वाजता हजर व्हायचे आणि किती वाजता सुटायचे हे घड्याळाने ठरवा. स्त्रीचा दिवस आणि पुरुषाचा दिवस सारखाच धरा. लावणीचे कसब बहुतेक घरांत बायकांच्या हातात असते. तेथे पुरुषाचा दिवस मोठा धरणे ही उघड लबाडी आहे आणि त्यामुळे मोडलेल्या सावडी मी पाहिल्या आहेत. बैलजोडी आणि औत्या, किंवा पॉवर टिलर आणि चालक, यांचे किती माणूस-दिवस धरायचे हा आकडा गटाने एकमताने ठरवून लिहून ठेवावा.

५. बदली माणूस. पाठवायचा असेल तर त्याच कसबाचा पाठवावा. लावणीला दहावीतला मुलगा आणि चिखलणीला म्हातारे आजोबा पाठवून दिवस भरत नाही.

६. जेवण. भाकरी ज्याची त्याने आणायची आणि यजमानाने कालवण व चहा द्यायचा, असा साधा नियम ठेवा. एकाने मटण केले की दुसऱ्यालाही करावे लागते आणि गरीब घर चढाओढीला कंटाळून सावडीतूनच बाहेर पडते.

७. खाडा. माणसे आली परंतु यंत्र बंद पडल्याने किंवा पाणी नसल्याने काम झाले नाही, तर अर्धा दिवस धरावा. घरात मृत्यू किंवा मोठे आजारपण आले तर त्या हंगामातील फेड पुढे ढकलावी आणि तिचा उल्लेखही करू नये.

नोंद एका वहीत, एकाच माणसाने, त्याच संध्याकाळी सर्वांसमोर करावी. आमच्या पहिल्या वर्षी प्रत्येकाने आपापली नोंद ठेवली होती आणि दिवाळीला सहा वह्यांचे सहा हिशेब निघाले.

सावडीहून इर्जिक वेगळे. इर्जिकात शेजारी आपली औते आणि माणसे घेऊन एका दिवसासाठी येतात, यजमान सर्वांना पोटभर जेवू घालतो आणि दिवसाची फेड मोजली जात नाही. अडलेल्या घराची नांगरट, पडलेला गोठा उभा करणे, विहिरीतला गाळ काढणे अशा कामांसाठी ते राखून ठेवावे. दरवर्षीची नेहमीची खुरपणी इर्जिकावर उरकू पाहणाऱ्याच्या हाकेला दुसऱ्या वर्षी कोणी येत नाही.

सावधान : भूमिहीन मजुराला सावडीत घेऊ नका. त्याच्याकडे परत काम घेण्यासाठी शेतच नसते, त्यामुळे त्याचे दिवस आपल्याकडे साचत राहतात आणि शेवटी त्याला पायलीभर दाणे देऊन वाटेला लावले जाते. त्याला त्याच दिवशी रोख मजुरी द्यावी. धान्य हवे आहे का हे त्याने सांगावे, आपण ठरवू नये. दाण्यांवर माणसे बांधून ठेवण्याची जुनी रीत नव्या नावाने परत आणण्याचे काही कारण नाही.

टप्पा ६ : धान्य, बियाणे आणि इतर मालाची अदलाबदल

माप आधी ठरवा. पायली सगळीकडे सारखी नसते आणि एकाच पायलीत मावणारे भात, तांदूळ आणि नाचणी यांचे वजनही वेगळे असते. मापाने दिलेले मापाने परत घेता येते, पण दोन भिन्न वस्तूंची अदलाबदल नेहमी वजनावरच करावी.

ओलावा दुसऱ्या क्रमांकावर येतो आणि नव्या लोकांचे सर्वाधिक नुकसान येथेच होते. खळ्यावरून उचललेल्या भातात २० टक्के ओलावा असेल आणि ते वाळून १४ टक्क्यांवर आले, तर १०० किलोचे सुमारे ९३ किलोच उरते. म्हणून "खळ्यावरच देतो" या बोलीवर व्यवहार करू नका. दाणा दातांखाली धरल्यावर कट्कन तुटला पाहिजे. चेपला गेला तर आणखी दोन ऊन द्यावीत.

भाव ठरवताना दोन प्रसंग वेगळे ठेवा. एकाच वस्तूची उसनवार असेल, तर भावाचा विचारच करू नये. सुगीत दिलेले सुगीत, तेवढेच आणि तशाच प्रतीचे परत घ्यावे. श्रावणात धान्य महाग असते आणि सुगीत स्वस्त. श्रावणात दिलेल्या दोन मणांची रुपयांत किंमत करून सुगीत तेवढ्या रुपयांचे धान्य मागणारा माणूस कागदावर बरोबर असतो, पण पुढच्या श्रावणात त्याच्या दारात कोणी येत नाही आणि तो कोणाच्या दारात जाऊ शकत नाही. दोन भिन्न वस्तू असतील, तर देण्या-घेण्याच्या दिवशीचा जवळच्या आठवडी बाजारातील किरकोळ भाव दोन्हींना लावावा. एकीला किरकोळ आणि दुसरीला घाऊक भाव लावणे ही नेहमीची चूक आहे आणि ती दर वेळी नकळत होते असेही नाही.

बियाण्याची रीत निराळी. बियाणे सवाईने किंवा दिढीने, म्हणजे शेराला सव्वा शेर किंवा दीड शेर परत करण्याच्या बोलीवर, दिले-घेतले जाते. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या बीजमाता राहीबाई पोपेरे यांच्या बियाणे बँकेतून नेलेले गावरान बी दुपटीने परत करण्याची पद्धत आहे. ही वाढ व्याजासाठी नसते. एखाद्याचे पीक बुडाले तर त्याचे परत येत नाही आणि ती तूट इतरांच्या वाढीव बियाण्यातून भरून निघते. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ प्रमाणे शेतकऱ्याला घरचे बी राखण्याचा, पेरण्याचा, बदलण्याचा, वाटण्याचा आणि विकण्याचाही हक्क आहे. संरक्षित वाणाचे बी ब्रँडच्या नावाने विकणे तेवढे वर्ज्य आहे.

बियाणे देण्यापूर्वी आणि घेतल्यावर पुढील क्रम पाळा. प्रथम ते संकरित नाही याची खात्री करा, कारण संकरित पिकाचे राखलेले बी पुढच्या वर्षी मूळ गुण देत नाही. भात आणि घेवडा यांचे बी शेजारच्या वाणाने सहसा बिघडत नाही. मका, भोपळा, काकडी आणि दोडका यांच्यात मात्र परागीकरणाने मिसळ होते, म्हणून ते कोणाच्या वाणाशेजारी वाढले होते हे विचारावे. नंतर ओल्या फडक्यात १०० दाणे ठेवून किती उगवतात ते पाहावे. ८० पेक्षा कमी उगवले तर बी बदलावे. भाताचे बी पेरण्यापूर्वी १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात ओतावे, वर तरंगणारे पोचट दाणे काढून टाकावेत आणि तळाचे बी साध्या पाण्याने दोन-तीन वेळा धुऊन सावलीत सुकवावे.

तपासणी : परत द्यायचे बी घेतानाच वेगळ्या डब्यात नावनिशी लिहून ठेवण्याची जागा केली आहे का? सुगीनंतर "यातूनच काढू" म्हणणाऱ्याच्या घरी ते बी मकरसंक्रांतीपूर्वी खाल्ले जाते.

टप्पा ७ : दूध, कोंबड्या आणि अर्धलीची जनावरे

एका म्हशीवर बारमाही दूध मिळत नाही. म्हैस सुमारे ३१० दिवस गाभण असते आणि विण्यापूर्वी किमान दोन महिने तिला आटवावेच लागते. म्हणून दोन म्हशी बाळगण्यापेक्षा दोन घरांनी एकेक म्हैस बाळगून दुधाची फेड करणे स्वस्त पडते : आमची आटली की तुमच्याकडून, तुमची आटली की आमच्याकडून. त्यासाठी दोन्ही वेतांत अंतर हवे. म्हशी बहुधा पाऊस सरल्यावर आणि थंडीत माजावर येतात, त्यामुळे सहा महिन्यांचे अंतर हवे तसे साधत नाही. तीन-चार महिन्यांचे साधले तरी भाकडकाळ झाकला जातो. शेजाऱ्याकडे गाय असेल तर लिटरला लिटर धरू नका. म्हशीच्या दुधात फॅट बरेच जास्त असते, म्हणून डेअरीच्या दरपत्रकातील दोन्ही दर पाहून प्रमाण ठरवा.

शेळी अर्धलीने देताना मूळ शेळी मालकाची राहते, पोसणारा तिला चारतो आणि करडे निम्मी-निम्मी वाटली जातात. वाद तीन प्रश्नांवरून होतात : एकच करडू झाले तर कोणाचे, औषधाचा खर्च कोणाचा, आणि शेळी मेली तर काय? या तिन्हींची उत्तरे शेळी दावणीवरून सोडण्यापूर्वी कागदावर हवीत. एकुलते करडू विकून पैसे वाटणे मला सर्वांत निर्वेध वाटते. जनावराच्या कानात बिल्ला असेल तर त्यावरचा १२ अंकी क्रमांक त्या कागदावर लिहावा.

सावधान : अदलाबदलीत आलेली कोंबडी त्याच संध्याकाळी खुराड्यात सोडू नका. तीन आठवडे वेगळी ठेवून मगच मिसळा. एका पाहुण्या कोंबड्याबरोबर आलेल्या मानमोडीने आमचा सगळा खुराडा रिकामा झाला होता. मोठ्या जनावरांच्या बाबतीत लाळ्या-खुरकुताची लस टोचलेली आहे का हे विचारूनच ते गोठ्यात घ्यावे.

टप्पा ८ : सामाईक अवजारे, पाणी आणि जमीन

यंत्र द्यायचे असेल तर ते चालकासह द्यावे. टाकी जेवढी भरलेली होती तेवढी भरून परत करायची आणि चाललेले तास वहीत लिहायचे, कारण ऑईल बदलण्याचा आणि सुट्या भागांचा खर्च तासांवरच वाटता येतो. विळे, खुरपी आणि कोयते सामाईक ठेवू नयेत. ज्याचे त्याच्या हाताचे असावेत.

सामाईक विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या तासांत बांधा आणि वीज दिवसा येण्याचा आठवडा व रात्री येण्याचा आठवडा यांचे वेळापत्रक समोर ठेवून त्या फिरवत राहा. एकाच घराच्या वाट्याला कायम मध्यरात्रीचे तास येत असतील, तर ती वाटणी दोन वर्षेही टिकत नाही. मोटर जळाल्यास दुरुस्तीचा खर्च हिश्श्याप्रमाणे विभागायचा की ज्याच्या पाळीत जळाली त्याने भरायचा, हे मोटर चालू असतानाच ठरवावे.

जमिनीच्या बाबतीत मात्र विश्वासाच्या जोडीला कागद हवाच. "तुमचे पाच गुंठे आम्ही करतो, निम्मे धान्य तुम्हाला" ही बोली भली वाटते. परंतु १९४८ च्या कूळ कायद्याप्रमाणे दुसऱ्याची जमीन कायदेशीररीत्या कसणारी व्यक्ती काही अपवाद सोडल्यास कूळ, म्हणजे त्या जमिनीवर कायद्याने हक्क सांगू शकणारी कसणारी व्यक्ती, मानली जाऊ शकते. म्हणून असा व्यवहार करण्यापूर्वी जाणकार वकिलाकडून मसुदा करून घ्यावा. जमीन द्यायची वेळ आली की बहुतेक मालक कचरतात ते याच भीतीने, आणि त्यांना त्याबद्दल नावे ठेवू नयेत.

टप्पा ९ : हिशेब मिटवणे

माणूस-दिवसांचा हिशेब बलिप्रतिपदेपर्यंत आणि धान्य-बियाण्यांचा मकरसंक्रांतीपर्यंत मिटवावा. ज्याचे दिवस अंगावर राहिले असतील त्याने ते स्थानिक रोजाच्या दराने रोख द्यावेत किंवा हिवाळ्यातील कामात फेडावेत. पुढच्या लावणीपर्यंत काहीही ओढू नये. मिटवण्याच्या बैठकीला घरातील बाईमाणसांनाही बसवावे, कारण दुधाची, विरजणाची, अंड्यांची आणि लावणीच्या दिवसांची खरी नोंद त्यांच्याच डोक्यात असते आणि कर्त्या पुरुषाने सांगितलेला आकडा त्या बहुधा दुरुस्त करतात.

हिशेब मिटल्यावर कणगीकडे पाहावे. पुढच्या सुगीपर्यंतचे धान्य आणि त्यावर दोन महिन्यांची शिल्लक बाजूला ठेवून जे उरते तेवढेच पुढच्या वर्षी बदलायला मोकळे आहे. शिल्लक निघत नसेल, तर पुन्हा टप्पा २ च्या कागदावर यावे आणि सर्वाधिक माणूस-दिवस खाणारे एक पीक खोडावे. आमच्याकडे तिसऱ्या वर्षी भुईमूग खोडला गेला. आता पलीकडच्या वाडीतल्या घरी दोन पोती तांदूळ जातो आणि तिकडून शेंगा येतात. घाण्यावरची पेंड तेवढी म्हशीसाठी आम्ही आमच्याकडे ठेवून घेतो.